फॉसिलचा साचा आणि कास्ट: सिलिकॉनचा डबा उघडण्याआधीपासून शेवटच्या लेबलपर्यंत

पॅलिऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासाच्या, लॅबमध्ये इंटर्नशिपला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, सिलिकॉन कुठलं घ्यायचं?" हा प्रश्न चौथा-पाचवा असायला हवा. पहिला प्रश्न असा की समोरचा नमुना साचा काढणं सोसेल का. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून काढलेली नमुन्याची प्रतिकृती, बिघडला तर उद्या दुसरा ओतता येतो, पण अमोनाइटच्या (गुंडाळलेल्या शंखाचा, नामशेष झालेला समुद्री प्राणी) शंखावरची एक बरगडी, म्हणजे उंचवट्याची रेघ, तुटली की ती तुटलीच. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर मी मूळ नमुना आधी बघते आणि कास्ट नंतर, आणि तुम्हीही तसंच करा अशी कळकळीची विनंती आहे.

हा लेख तळहातावर मावेल एवढ्या नमुन्याच्या दोन भागांच्या सिलिकॉन साच्याबद्दल आहे. मोठ्या हाडांच्या साच्याला बाहेरून आधार देणारं कडक आवरण (जॅकेट) लागतं, ते काम सीनियरसोबतच करायचं.

टप्पा १: नमुना साच्याच्या लायक आहे का?

आधी परवानगी. कॅटलॉग नंबर असलेला नमुना असेल तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, सहाही बाजूंनी स्केल ठेवून फोटो काढा, जुनी तडा कुठे आहे, आधीच कुठे डिंक लावलाय, कुठे रंग वेगळा दिसतो हे सगळं लिहून ठेवा. नंतर "ही तडा आधीच होती का?" असा वाद झाला की हेच फोटो कामाला येतात.

मग मऊ ब्रशने हलकेच झाडा. ब्रशला दाणे लागले, पापुद्रे निघाले तर थांबा. कच्छच्या ज्युरासिक चुनखडीतला घट्ट अमोनाइट साच्याला बहुतेक वेळा चांगला. पण आपल्या मुंबईत वरळीच्या टेकडीत इंटरट्रॅपियन थरांमधून, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या दगडातून, इंडोबॅट्रॅकस नावाचे छोटे बेडूक मिळालेत, त्यांच्यासारखी नाजूक हाडं गाळाच्या पातळ पाटीवर चिकटलेली असतील तर सिलिकॉन ओढताना पाटीचा वरचा थरच सोबत येऊ शकतो. अशा नमुन्याला साचा नको, फोटोग्रामेट्री (अनेक फोटोंवरून त्रिमितीय आकार तयार करणं) किंवा सीटी स्कॅन करा.

पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असलेल्या नमुन्याचंही तेच. पृष्ठभागावर पांढरी-पिवळट पूड, जवळ नेलं की गंधकासारखा आंबट वास, अशी लक्षणं दिसली तर तो नमुना आजारी आहे. मुंबईच्या दमट हवेत हा आजार झपाट्याने वाढतो, त्याला कोरड्या डब्यात ठेवा आणि सुपरव्हायझरना दाखवा.

सावधान: पहिला साचा कधीही खऱ्या फॉसिलचा काढू नका. मासळी बाजारातून तिसऱ्या आणा, शिजवून खा, शिंपले धुऊन वाळवा आणि त्यावर हात बसवा. तिसरीच्या शिंपल्यावरच्या बारीक गोल रेषा कास्टमध्ये स्वच्छ उमटल्या की समजा ब्रशचा हात बसला.

टप्पा २: सामान आणि सिलिकॉनची निवड

सिलिकॉन रबर आणि केमिकल्स मस्जिद बंदर-वडगादी भागातल्या व्यापाऱ्यांकडे चौकशी केली की मिळतात, डेंटल स्टोन (दातांच्या ठशांसाठीचं कडक प्लास्टर) दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानात, फोम बोर्ड आणि ग्लू गन कुठल्याही मोठ्या स्टेशनरीत. एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा वजनकाटा मात्र हवाच, कॅटॅलिस्टसाठी (सिलिकॉनमध्ये मिसळून ते घट्ट करणारा भाग) त्याहून बारीक असेल तर उत्तम. चमच्याने अंदाजे मोजलेलं सिलिकॉन वरून सुकतं आणि आत चिकट राहतं.

सिलिकॉन दोन जातीचं येतं, टिनच्या किंवा प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टने क्युअर होणारं, म्हणजे घट्ट होऊन रबर बनणारं. टिन क्युअर स्वस्त, फार नखरे करत नाही, पण आकसतं आणि त्याचे साचे काही वर्षांत कडक होऊन फाटतात. प्लॅटिनम क्युअर महाग, आकसणं अगदी कमी, साचा खूप टिकतो, म्हणून मोजमापासाठी लागणाऱ्या कास्टला मी तेच सांगते. फक्त त्याला गंधक सहन होत नाही. गंधकवाली मॉडेलिंग क्ले किंवा लेटेक्सचे हातमोजे लागले की तेवढी जागा कधी क्युअरच होत नाही, चिकट चिखल राहतो आणि तो चिखल फॉसिलच्या खाचांत बसतो. म्हणून क्ले घेताना "सल्फर-फ्री" लिहिलंय ना ते बघा, मोजे नायट्राइलचे घ्या, आणि आधी टिन सिलिकॉनसाठी वापरलेले ब्रश-वाट्या प्लॅटिनमला लावू नका.

गणपतीच्या कारखान्यातली शाडू माती वापरू का, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. नको. शाडू ओली असते, तिचं पाणी सच्छिद्र फॉसिलमध्ये मुरतं, वाळताना ती आकसते आणि कडेला फट पडते, त्या फटीतून सिलिकॉन खाली उतरतं.

सावधान: अ‍ॅसिटोनची बाटली बॅगेत टाकून लोकलने आणू नका. ज्वलनशील वस्तू रेल्वेने न्यायला बंदी आहे, आणि विरारच्या गर्दीत ती बाटली फुटली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दुकानदाराला डिलिव्हरी द्यायला सांगा.

टप्पा ३: साफसफाई आणि सीलिंग

सिलिकॉन पातळ असतं आणि त्यातलं तेल दगडात मुरतं, त्याने कायमचा गडद डाग पडतो. खुद्द सिलिकॉन तडेत शिरलं तर काढताना तडा उघडते. म्हणजे दोन कामं झाली, तडा बुजवायच्या आणि पृष्ठभाग सील करायचा.

सीलिंगला पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. साधारण ५ ते १० टक्क्यांचं पातळ द्रावण, मऊ ब्रशने, पातळ कोट, आणि दोन कोटांमध्ये पूर्ण वाळू द्यायचं. जाड द्रावणाचा एकच कोट मारला की बारीक नक्षी भरून जाते आणि मग कास्टवर फॉसिल कमी आणि वार्निश जास्त उमटतं. बी-७२ चा फायदा असा की नंतर अ‍ॅसिटोनने परत काढता येतं, म्हणून घरातला फेविक्विक किंवा लाकडाचं पॉलिश त्याच्या जागी चालत नाही.

तडा आणि खोल भोकांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं मेण चांगलं, गरम करून थेंब-थेंब सोडायचं, वर आलेलं खरवडायचं, काम झालं की कोमट पाण्याच्या ओल्या बोळ्याने काढायचं. पाण्याने खराब होणारा नमुना असेल तर मात्र हे मेण नको, सुपरव्हायझरना विचारून दुसरं काहीतरी.

आता मुंबईचा खास त्रास. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते, अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि बी-७२ चा थर पांढुरका दुधी होतो. घाबरून लगेच दुसरा कोट मारू नका, पांढरेपणा आत अडकतो. एसी किंवा डीह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत नमुना आधी तासभर ठेवा, मग कोट मारा, आणि कोट अजून पातळ करा. दुधी झालेली जागा नुसत्या अ‍ॅसिटोनचा ब्रश हलका फिरवला की बहुतेक वेळा निवळते.

चेक: नमुन्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी सिलिकॉनचा तुमच्या नखाएवढा ठिपका लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. डाग नाही, दाणे चिकटून आले नाहीत, सिलिकॉन कोरडं सुकलं, तिन्ही जमलं तरच पुढे. हा एक दिवस वाचवायला जाऊ नका.

टप्पा ४: पार्टिंग लाइन आणि क्लेचा बेड

अर्धे साचे इथे बिघडतात, म्हणून जरा सावकाश.

नमुना हातात धरा, एक डोळा मिटा, वरून सरळ खाली बघा आणि हळूहळू फिरवा. जिथून पुढचा पृष्ठभाग दिसायचा बंद होतो ती तुमची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे वेगळे होतील ती रेघ. ती सरळ असायलाच हवी असं नाही, अमोनाइटच्या कडेवरून ती बरगडी चढत-उतरत जाईल. मऊ पेन्सिलीने सीलिंगच्या थरावर पुसट खूण करा, पेनने कधीच नाही.

मग सपाट बोर्डावर क्ले पसरा आणि नमुना अर्धा त्यात बसवा. दाबून खाली घालायचा नाही, नमुना ठेवून खालून-बाजूने क्ले भरत रेषेपर्यंत आणायची. जोर लावला की नमुना अडकून बसतो, आणि तो उपसताना कड तुटते. क्ले जिथे फॉसिलला भेटते तिथे काटकोन हवा. तिथे क्लेची जिभली वर चढलेली राहिली तर कास्टवर पंख्यासारखी पातळ फ्लॅश येते, आणि ती कापताना खरी नक्षी पण जाते. लाकडी टूलने, अगदी टूथपिकने, पूर्ण घेर फिरून ही कड स्वच्छ करा. चांगला अर्धा तास जातो यात, जाऊ दे.

आता दोन गोष्टी, ज्या नव्वद टक्के मुलं विसरतात. एक, चाव्या, म्हणजे साच्याचे दोन भाग एकमेकांत नेमके बसवणाऱ्या खुणा. क्लेमध्ये पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चार-पाच गोल खड्डे पाडा, सगळे सारखे आणि सारख्या अंतरावर नको, नाहीतर साचा उलटा बसतो. दोन, कास्ट ओतायचं तोंड. दोन भाग बंद केल्यावर प्लास्टर आत जाणार कुठून? क्लेचा छोटा शंकू बनवा, त्याचं निमुळतं टोक नमुन्याच्या सगळ्यात कमी महत्त्वाच्या जागेला लावा, रुंद बाजू बॉक्सच्या भिंतीपर्यंत न्या. पुढे साचा उभा करून कास्ट ओतताना ती बाजू "वर" येणार. जिथे हवा अडकेल अशा उंच टोकांवरून बारीक क्लेचे दोरे पण भिंतीपर्यंत सोडा, त्या हवेच्या वाटा.

चेक: एका बाजूला झुकता टॉर्च धरा. क्ले आणि फॉसिलमध्ये काळी रेघ दिसली म्हणजे फट आहे.

टप्पा ५: बॉक्स आणि सिलिकॉनचा हिशोब

फोम बोर्डाच्या भिंती, ग्लू गनने चिकटवलेल्या, बाहेरून टेप. नमुन्यापासून भिंतीपर्यंत सगळीकडे किमान १ सेंमी जागा, आणि वरच्या सगळ्यात उंच बिंदूवर पण तेवढीच.

हिशोब असा. समजा अमोनाइट ८ × ६ × ३ सेंमी आहे. चारी बाजूंना आणि वर-खाली एकेक सेंमी धरला तर बॉक्स १० × ८ × ५, म्हणजे ४०० घनसेंमी. निम्मा क्लेने भरलाय, उरले २००. अमोनाइटचा साधारण ७५ घनसेंमी आकार, त्याचा अर्धा ३७ वजा केला की १६३. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड, घनता १.१५ धरली तर १८७ ग्रॅम, वर दहा टक्के वाया जाणार, म्हणजे साधारण २०५ ग्रॅम. दुसऱ्या बाजूलाही जवळपास तेवढंच. घनता डब्यावर लिहिलेली असते, ती घ्या. नमुन्याचा आकार पाण्यात बुडवून मोजू नका, क्लेचा तसाच गोळा करून तो मोजा.

टप्पा ६: पहिली ओतणी

डबा उघडण्याआधी वाचा, कॅटॅलिस्टचं प्रमाण किती, पॉट लाइफ (मिसळल्यावर ओतता येण्याजोगा वेळ) किती मिनिटं. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, एकाचा कॅटॅलिस्ट दुसऱ्याला चालत नाही. उन्हाळ्यात पॉट लाइफ कमी होतो, दमट हवेत टिन सिलिकॉन अजून लवकर धरतं, म्हणून मे ते सप्टेंबर छोट्या-छोट्या वाट्यांत मिक्स करा. "पटकन सुकावं" म्हणून कॅटॅलिस्ट वाढवू नका, साचा ठिसूळ होतो.

हळूहळू ढवळा, तळ आणि कडा खरवडत, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ वाटीत ओता आणि परत ढवळा. दुसऱ्या वाटीमुळे कडेला न मिसळलेलं सिलिकॉन आत येत नाही. व्हॅक्यूम चेंबर असेल तर हवा काढून घ्या, पण मोठी वाटी घ्या, सिलिकॉन फुगून वर येतं.

आधी ब्रशने पातळ थर. इथे नाक जवळ नेऊन बघा: बरगड्यांमधल्या खाचेत सिलिकॉन घसरतं, त्याच्या मागे मोहरीएवढा बुडबुडा अडकतो, ब्रशच्या टोकाने तो डिवचला की फुटतो आणि खाच हळूच भरते. खाच-खाच असं करत पूर्ण पृष्ठभाग ओला झाला की उरलेलं सिलिकॉन बॉक्सच्या एका कोपऱ्यात, उंचावरून, दोऱ्यासारख्या बारीक धारेने सोडा. नमुन्यावर थेट ओतायचं नाही, लेव्हल आपोआप चढत नमुना झाकू दे.

चेक: उरलेलं सिलिकॉन वाटीत तसंच ठेवा आणि बोट तिथे लावा, साच्यात नाही. वाटीतलं कोरडं झालं की साचाही झाला. घाई असली तरी डब्यावर दिलेला पूर्ण वेळ द्या.

टप्पा ७: दुसरी बाजू

बॉक्स उलटा करा, खालचा बोर्ड काढा, क्ले काढा. नमुना सिलिकॉनमधून उचलायचा नाही. तो उचलला की परत तसाच्या तसा बसत नाही आणि दोन भागांमध्ये पायरी पडते. लाकडी टूलने क्ले काढा, तोंडाचा शंकू आणि हवेचे दोरे तसेच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळ: नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला कायमचं चिकटतं. मधे रिलीज एजंट लावला नाही तर दोन भाग एकच ठोकळा होतो, आत फॉसिल, आणि मग स्काल्पेलने कापून बाहेर काढायला लागतं. पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर मऊ ब्रशने उघड्या सिलिकॉनवर लावा, चाव्यांच्या उंचवट्यांसकट, भिंतीजवळच्या कोपऱ्यांसकट. फॉसिलवर येऊ देऊ नका, जेलीचे ब्रशचे ओरखडे कास्टवर उमटतात. लावून झालं की दुसऱ्या कोणाला तरी टॉर्चने तपासायला सांगा, आपल्या डोळ्याला आपलीच राहिलेली जागा दिसत नाही. मग भिंती परत लावा आणि टप्पा ६ जसाच्या तसा.

टप्पा ८: साचा उघडणं

भिंती काढा, जोडाची रेघ शोधा, कोपऱ्यापासून अंगठ्याने हळूहळू वेगळं करा. स्क्रू ड्रायव्हर, सुरी काही नाही. वरचा भाग निघाला की खालचा भाग हातात घ्या आणि सिलिकॉन नमुन्यापासून दूर वाकवा, नमुना सिलिकॉनमधून ओढू नका. एका बाजूची कड सुटते, तिथे हवा शिरते, मग एकेक बरगडी सुटत जाते. अडकल्यासारखं वाटलं की त्या जागी थांबा, विरुद्ध बाजूने सुरू करा.

नमुना बाहेर आला की लगेच पहिल्या दिवसाच्या फोटोंशी ताडून बघा, मेण काढा, नमुना डब्यात परत आणि रजिस्टरमध्ये नोंद. हे सगळं होईपर्यंत कास्टला हात लावायचा नाही.

टप्पा ९: कास्ट ओतणं

अभ्यासासाठी डेंटल स्टोन, दाखवण्यासाठी आणि हाताळण्यासाठी रेझिन, सरावासाठी पीओपी. पीओपी मऊ, कडा लवकर झडतात. डेंटल स्टोनला पाणी खूप कमी लागतं, पाकिटावरचं प्रमाण पाळा. पीओपीला १०० ग्रॅमला साधारण ६० ते ७० ग्रॅम पाणी.

पाण्यात पावडर, पावडरीत पाणी नाही. पावडर पाण्यावर चाळत सोडा, एक-दीड मिनिट तशीच भिजू दे, मग तळाला धरून हळू ढवळा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पीओपीची गोणी ओलावा धरते आणि मग मनमानी सेट होते, म्हणून आधी एका कपात चमचाभर करून बघा. पाणी कमी-जास्त करून जुनी पावडर सुधारत नाही, नवी आणा.

साच्याचे दोन भाग बंद करा, बाहेरून दोन बोर्ड आणि रबर बँड. घट्ट आवळू नका, सिलिकॉन दबतं आणि गोल अमोनाइट अंडाकृती होतो, वर मोजमाप घेणाऱ्याला ते कळतही नाही. आधी थोडं आत ओता, साचा सगळीकडे कलंडवून भिंती ओल्या करा, मग उरलेलं भरा, बाजूने बोटाने टकटक. सेट होताना प्लास्टर गरम होतं, ते परत थंड झाल्यावरच उघडा.

पॉलियुरेथेन रेझिन घेत असाल तर आर्द्रता हा मोठा शत्रू, ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन होऊन त्यात फेस येतो. साचा पूर्ण कोरडा हवा, वाटी कोरडी, डबा उघडला की लगेच बंद. श्रावणातल्या झडीच्या दिवसात मी तरी रेझिन ओतत नाही, डेंटल स्टोन वापरते.

सावधान: रेझिनच्या वाफा छातीला बाधतात. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. साधा सर्जिकल मास्क इथे काही कामाचा नाही. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये धुऊ नका, पाइपात दगड होतो. कपातच सेट होऊ दे आणि सुक्या कचऱ्यात टाका.

टप्पा १०: फिनिशिंग, मोजमाप, लेबल

फ्लॅश स्काल्पेलने कापा, सँडपेपर फक्त तोंडाच्या जागी, नक्षीवर नाही. बुडबुड्याचं भोक भरताना मनाने बरगडी घडवू नका. जे मूळ नमुन्यात नाही ते कास्टवर येता कामा नये, भोक वेगळ्या रंगाने भरून नोंद करा.

व्हर्नियरने मूळ नमुना आणि कास्ट तीन ठरलेल्या जागी मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. टिन सिलिकॉनच्या साच्यातून महिनाभराने काढलेला कास्ट पहिल्यापेक्षा लहान निघू शकतो, म्हणून हवे असलेले कास्ट सुरुवातीलाच काढून ठेवा.

लेबल चिकटवून भागत नाही, चिकटवलेलं पडतं. कास्टच्या मागे, ओलं असतानाच किंवा नंतर कोरून, "कास्ट" हा शब्द, मूळ नमुन्याचा नंबर आणि तारीख. रंग चांगला जमला की कास्ट आणि मूळ नमुना यात फरक कळत नाही, आणि दहा वर्षांनी ड्रॉवर उघडणाऱ्या माणसाला ते सांगायला तुम्ही तिथे नसणार.

साचा टॅल्कम पावडर लावून, आत एक टाकाऊ कास्ट ठेवून बंद करा म्हणजे आकार वाकत नाही. उन्हापासून दूर, सपाट शेल्फवर, वर काही वजन न ठेवता. डब्यावर सिलिकॉनचं नाव, बॅच, तारीख आणि आतापर्यंत किती कास्ट काढले तेही लिहा.